चौथ्या मालकाआधी

सकाळी ६.५०. पिंपळे सौदागरमधल्या एका सोसायटीचं तळमजल्यावरचं पार्किंग. नोव्हेंबरचा गारवा आहे. गॅरेजवाले अण्णा गाडीपाशी येतात आणि आधी बॉनेटवर तळहात ठेवतात. थंडगार. "बरं केलंत, चालू नाही केलीत ते," मालकाला म्हणतात. काल रात्री फोनवर त्यांनी एवढंच बजावलं होतं, मी येईपर्यंत सेल मारायचा नाही. इंजिन एकदा तापलं की अर्धे आवाज दबून जातात.

गाडी आहे बीएमडब्ल्यू ३२०डी, ई९० पिढीतली, मार्च २०१० ची. नवी होती तेव्हा तीस लाखांच्या आसपास गेली असेल. आज मागणी आहे ४,७५,००० रुपयांची. घ्यायला आलेला मुलगा हिंजवडीत नोकरी करतो. दोन्ही हात जॅकेटच्या खिशात. डोळे गाडीवरून हटत नाहीत. अण्णांनी त्याच्याकडून तपासणीचे २,००० रुपये आधीच घेतले आहेत. गाडी घेवो न घेवो, हे पैसे परत मिळत नाहीत, हेही आधीच सांगून झालंय.

ड्रायव्हरच्या बाजूचा सीटबेल्ट अण्णा पूर्ण बाहेर ओढतात, शेवटच्या वितीपर्यंत. पुराच्या पाण्यात बुडालेल्या गाडीचा पट्टा शेवटच्या हातभर भागात गाळाची रेघ दाखवतो. कारपेट धुता येतं, पण पट्ट्याचा तो भाग धुवायचं कुणाला सुचत नाही. इथे रेघ नाही. मग डिकी. या गाडीची बॅटरी मागे, उजव्या कोपऱ्यात असते. झाकण काढून खाली बोटं घालतात. कोरडं.

टायरवरचे चार आकडे वाचतात. ३११७. म्हणजे २०१७ सालचा एकतिसावा आठवडा. नक्षी अजून भरपूर आहे, पण बाजूच्या भिंतीला बारीक भेगा पडल्यात. शिवाय हे साधे टायर आहेत. कंपनीने या गाडीला पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालतील असे टायर दिले होते, म्हणून स्टेपनी ठेवायला जागाच ठेवली नाही. मागच्या कुणीतरी साधे टायर चढवले आणि स्टेपनी नाहीच. "डिकीत पंप ठेवा," अण्णा मुलाला सांगतात. तो मोबाइलवर टिपून घेतो.

सकाळी ७.१५. आता सेल. अण्णा स्वतः सुरू करत नाहीत, मालकाला बसवतात. आपण बॉनेट उघडून मागच्या बाजूला, काचेलगत कान नेतात. हातात दीड फुटी स्क्रू ड्रायव्हर आहे. त्याचं टोक इंजिनाच्या मागच्या भागाला, मूठ कानाच्या हाडाला. इंजिन सुरू होतं. अण्णांनी डोळे मिटलेत. कुणी बोलत नाही.

ते ऐकतायत टायमिंग चेन. या गाडीचं एन४७ इंजिन २००७ मध्ये आलं आणि त्यात चेन पुढे नाही, मागे, गिअरबॉक्सच्या बाजूला बसवली. चेन ताणली, तिचे प्लॅस्टिकचे मार्गदर्शक झिजले, की मागून खरखर येते. सुरू करताना येते आणि दीड-दोन हजार फेऱ्यांवर येते. पुढे असती तर एका दिवसाचं काम होतं. मागे आहे म्हणून गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आणि चालत्या गाडीत तुटली तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांना भेटतात.

"वाढवा. अजून. आता धरा." अण्णा मिनिटभर तसेच. मग स्क्रू ड्रायव्हर पुसून खिशात ठेवतात. "आज आवाज नाही," म्हणतात. मुलगा सुटकेचा श्वास सोडतो. "आज, म्हटलं मी."

सकाळी ७.४०. कागद. मालकाने फाइल नीट ठेवली आहे आणि हा माणूस काही लपवत नाही, हे मला पहिल्या पाच मिनिटांत कळलं. गाडी मूळची दिल्लीची. २०१८ च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्या रस्त्यावर येऊ नयेत. ही तेव्हा साडेआठ वर्षांची होती. पुढच्या वर्षी ना-हरकत दाखला घेऊन इकडे आली, एमएच-१४ झाली. मार्च २०२५ मध्ये पंधरा वर्षं भरली, तेव्हा नोंदणी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली. त्या कामाची फी पूर्वी ६०० रुपये होती, १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झाली. पावती फाइलला लावली आहे. नव्या सुरक्षा नंबरप्लेटची पावतीही आहे.

अण्णा मात्र फाइलमध्ये एकच गोष्ट शोधतात. ऑइल. पानं उलटत तोंडाने आकडे पुटपुटतात. ४१,००० ला बदललं. मग ६३,००० ला. मग ८८,००० ला. ते पान जरा वेळ उघडंच राहतं.

या गाड्यांचा संगणक तेल कधी बदलायचं ते स्वतः ठरवतो, आणि अनेकदा दोन वर्षं किंवा २५,००० किलोमीटरपर्यंत नेतो. पहिल्या मालकाने गाडीने सांगितलं तसंच केलं. त्याच्याकडे बोट दाखवता येत नाही. अण्णा ज्या गाड्या सांभाळतात त्यांचं तेल आठ-दहा हजारांत बदलतं. वर्दळीत, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, धुळीत गाडी चालते, तेव्हा किलोमीटर कमी आणि इंजिनाचे तास जास्त होतात. काळं पडलेलं पातळ तेल चेनच्या एकेका पिनेला झिजवतं. तिसऱ्या, म्हणजे आत्ताच्या मालकाने दर ९,००० ला बदललंय. मीटरवर आत्ता १,३८,००० आहेत. अण्णांनी स्कॅनर लावून चावीच्या मॉड्यूलमधला आकडाही पाहिला. तोही तेवढाच.

सकाळी ८.३०. नाशिक फाट्याकडून भोसरीकडे. गाडी अण्णा चालवतायत, मी मागे, मुलगा शेजारी, स्कॅनर त्याच्या मांडीवर. मालक आपल्या दुसऱ्या गाडीतून मागून येतोय. पुढच्या-मागच्या चाकांवर वजन जवळजवळ निम्मं-निम्मं आणि ओढ मागच्या चाकांची. वळणावर गाडी शरीराशी बोलते. पंधरा वर्षांनंतरही बोलते. लोक पाच लाखांत नवी छोटी गाडी न घेता ही का घेतात, याचं उत्तर त्या उड्डाणपुलाच्या वळणावर मिळालं, आणि मला ते पटतं.

"पाण्याचं तापमान किती दाखवतंय?" अण्णा विचारतात. "चौऱ्याहत्तर." अर्धा तास झाला तरी चौऱ्याहत्तर. हवं अठ्ठ्याऐंशी-नव्वद. थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. दिव्याचा इशारा येत नाही, गाडी चालत राहते, फक्त डिझेल जास्त पिते आणि इंजिन कधी नीट तापत नाही.

सकाळी ९.१०. एमआयडीसीतल्या एका गल्लीत अण्णांची पत्र्याची शेड. दोन लिफ्ट, एक खड्डा, एक कॉम्प्रेसर. भाडं महिन्याला ३८,०००, वीज वेगळी. थोरला कारागीर आधीच आलाय, महिना २६,००० वर. धाकटा पोरगा झाडलोट करतोय, रोज ५५० वर. डाव्या लिफ्टवर दुसरी ३२०डी टांगलेली आहे, गिअरबॉक्स काढलेली. तिच्याकडे येऊच.

सकाळची गाडी उजव्या लिफ्टवर चढते. वीस मिनिटं. पुढच्या आर्मचे बुश तेलाने ओले. त्यांच्यात आतून द्रव भरलेला असतो, तो गळून गेलाय. क्रँकच्या पुलीमधल्या रबराला चिरा. खालचं प्लॅस्टिकचं आवरण अर्धं गायब, गतिरोधकांनी खाल्लं. गिअरबॉक्सचं तळाचं भांडं प्लॅस्टिकचं, त्यातच गाळणी. त्याला हात लागल्याचं कुठे दिसत नाही. गाडी बनवणारे सांगतात हे तेल आयुष्यभराचं. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ कंपनी सांगते ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरमध्ये बदला. अण्णा गिअरबॉक्सवाल्यांचं ऐकतात.

मालक गाडी घेऊन जातो. मुलाला संध्याकाळी पाचला बोलावलंय. "आत्ता सांगा ना अण्णा, घेऊ का?" "आत्ता तुझं मन गाडीत बसलंय. संध्याकाळी ये."

सकाळी १०.२०. चहा. तीन कटिंग, एक मला. धाकटा मग स्कूटर काढून नाना पेठेत निघतो. तिथली दुकानं साडेदहानंतर उघडतात. यादी छोटी आहे. क्रँकचं मागचं सील, सीलंटची ट्यूब, एकदाच वापरायचे बोल्ट. हे बोल्ट घट्ट करताना ताणले जातात, दुसऱ्यांदा वापरले तर धरत नाहीत. एकेक बोल्ट ९० रुपयांचा, आठ लागतात. नाना पेठेत जे मिळत नाही ते मुंबईहून कुरिअरने येतं. पेट्रोलला शंभरची नोट दिली.

सकाळी १०.४५. आता डावी लिफ्ट. ही एका डॉक्टरांची गाडी, १,४७,००० चाललेली. तीन महिने मागून खरखर येत होती. डॉक्टरांनी ती ऐकली आणि गाडी उभी केली. म्हणून आज इथे चेनचं काम चाललंय. नाहीतर इंजिनाचं असतं.

कामाचा आजचा तिसरा दिवस. पहिल्या दिवशी सायलेन्सरचा पाइप, प्रोपेलर शाफ्ट, मग गिअरबॉक्स. सत्तर-ऐंशी किलोचा हा ऐवज ट्रॉली जॅकवर पट्ट्याने बांधून दोघांनी इंच इंच खाली घेतला. काल इंजिन वरून आडव्या दांड्याला टांगलं, खालची चौकट सैल केली, सम्प उतरवला. सम्पच्या तळाशी तपकिरी प्लॅस्टिकचे तुकडे होते, नखाएवढे. चेनच्या मार्गदर्शकाचे. थोरल्याने ते फेकले नाहीत. एका पिशवीत घालून गाडीच्या क्रमांकासह खिळ्याला टांगलेत. डॉक्टर आले की दाखवायला.

मागचं झाकण काल रात्री निघालं. आत तीन चेन. एक क्रँकपासून डिझेल पंपापर्यंत, दुसरी पंपापासून वर कॅमशाफ्टपर्यंत, तिसरी ऑइल पंपाची. अण्णा जुनी चेन आणि नवी चेन एकाच खिळ्याला लोंबकळवतात, शेजारी शेजारी. जुनी खाली उतरलेली दिसते. काही मिलिमीटरच, पण नुसत्या डोळ्यांना दिसतं. एवढ्या लांबीसाठी सगळा खटाटोप.

मग बॅटरी तोंडात धरून, भिंग घेऊन अण्णा क्रँकवरचे दाते तपासतात. ही आजच्या दिवसातली सगळ्यात महत्त्वाची पाच मिनिटं. सुरुवातीच्या या इंजिनांत खालचं दातेरी चाक वेगळं नाही, क्रँकशाफ्टलाच कोरलेलं आहे. दाते झिजले असतील तर नवी चेन त्यांच्यावर टिकणार नाही, आणि दाते बदलायचे म्हणजे क्रँक बदलायचा. तेवढ्या खर्चात असली अर्धी गाडी येते. अण्णा एकेका दात्यावर नख फिरवतात. टोकं आकड्यासारखी वळलीत का बघतात. इंजिन हाताने फिरवून पुढचे दाते समोर आणतात. थोरला श्वास रोखून बॅटरीचा दुसरा झोत धरतो.

"चांगले आहेत." दोघंही उठून पाणी पितात.

दुपारी १२.३०. नवी चेन चढते. त्याआधी क्रँक आणि कॅम आपापल्या जागी लॉक करावे लागतात. लॉक करायची पिन बाहेरच्या संचातून घ्यायची तर काही हजार रुपये. अण्णांची पिन दोन गल्ल्या पलीकडच्या लेथवाल्याने ईएन-८ पोलादाची करून दिली आहे, ३५० रुपयांत. तिच्यावर अण्णांनी लाल ऑइलपेंटचा ठिपका दिलाय, हरवू नये म्हणून. पिन बसते तेव्हा टक् असा आवाज येतो. मार्गदर्शक नवे, ताण देणारा नवा. मग पिन काढून इंजिन हाताने पूर्ण दोन फेऱ्या फिरवायचं आणि पिन पुन्हा घालून बघायची. बसली तर जुळलं. बसली. तरी अण्णा पुन्हा दोन फेऱ्या फिरवायला लावतात.

दुपारी १.४५. जेवण. डबे. धाकटा नाना पेठेतून आलाय, बोल्ट सातच मिळाले. आठवा उद्या. उद्या रविवार, म्हणजे सोमवारी. कुणी चिडत नाही.

दुपारी २.४०. पांढरी मर्सिडीज सी-क्लास येते, सी २२० सीडीआय, २०१० ची. चालवतायत एक निवृत्त गृहस्थ, पिंपरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममध्ये आयुष्य गेलेले. सगळे त्यांना काका म्हणतात. ही गाडी चाकणची. मर्सिडीज-बेंझने १९९५ पासून पिंपरीत ई-क्लास जुळवायला सुरुवात केली आणि २००९ मध्ये चाकणला स्वतःचा कारखाना काढला. काकांना याचा अभिमान आहे. म्हणतात, "आपल्या हद्दीतली गाडी आहे."

तक्रार एकच. उजव्या बाजूचा मागचा दिवा लागत नाही, ब्रेक दाबला की भलताच दिवा पेटतो. कुणीतरी काकांना अख्खा दिवा बदलायला सांगितलं होतं. अण्णा डिकीतला पडदा सरकवतात, प्लग उपसतात. तपकिरी वायर, म्हणजे अर्थ. तिची पिन काळी पडलीय, भोवतीचं प्लॅस्टिक वितळलंय. या पिढीच्या सी-क्लासचं हे जुनं दुखणं. सगळ्या दिव्यांचा प्रवाह एका नाजूक पिनेतून परत येतो, ती सैल पडते, तापते, जळते. अण्णा जळका तुकडा कापतात, जाड वायर झाळून थेट बॉडीच्या अर्थला नेतात, वर उष्णतेने आवळणारी नळी चढवतात. चाळीस मिनिटं. ६०० रुपये.

तेवढ्यात काका वही काढतात. २०१६ मध्ये साडेनऊ लाखांना घेतली तेव्हापासूनचा प्रत्येक रुपया तिच्यात आहे. तारीख, किलोमीटर, काम, रक्कम. २०१९ च्या पानावर स्टिअरिंग लॉक, २८,००० रुपये. चावी घातली आणि काहीच झालं नाही, गाडी पार्किंगमध्ये मेली होती. तो या गाडीचा दुसरा प्रसिद्ध रोग. बाकी पानं साधी. तेल, फिल्टर, ब्रेक पॅड, बुश. मी वर्षाची सरासरी विचारतो. "पन्नास हजार धर. टायरचं वर्ष असलं तर ऐंशी. हे बाजूला काढून ठेवता येत नसतील त्याने या वाटेला जाऊ नये. मी दर महिन्याला चार हजार वेगळ्या खात्यात टाकतो, गाडीला काही होवो न होवो." मला ही वही त्या गाडीच्या रंगापेक्षा, लेदरपेक्षा मोलाची वाटली. उद्या काकांनी गाडी विकायची ठरवली, तर अण्णा तिला बॉनेट न उघडता गिऱ्हाईक आणतील.

दुपारी ४.१०. काळं तेल नेणारा टेम्पो. ड्रममधलं साठ लिटर गेलं, लिटरला २५ रुपये. १,५०० रुपये. त्यातून महिन्याचा चहा निघतो.

संध्याकाळी ५.०५. हिंजवडीचा मुलगा आला. अण्णा त्याला खुर्ची देत नाहीत, डाव्या लिफ्टखाली नेतात. जुनी चेन हातात देतात, नवी दुसऱ्या हातात. पिशवीतले प्लॅस्टिकचे तुकडे दाखवतात. "तू बघितलीस तीच गाडी ही. तेच इंजिन. हिचंही तेल पंचवीस-पंचवीस हजाराला बदललेलं."

मग पाठकोऱ्या बिलावर हिशेब. थर्मोस्टॅट दोन, १४,०००. पुढचे आर्म, २२,०००. पुली, १६,०००. गिअरबॉक्सचं तेल आणि भांडं, ३२,०००. चार साधे टायर, ३८,०००. बॅटरी सहा वर्षांची आहे, १६,०००, आणि नवी बसवली की गाडीच्या संगणकात तिची नोंद करावी लागते, नाहीतर जुनीच समजून तो तिला चार्ज करत राहतो. बेरीज १,३८,०००. खाली रेघ. रेघेखाली वेगळं लिहिलं : चेन, १,१०,०००.

"ती पण लगेच?"

"नाही. आवाज आला की. आज आवाज नाही. एक वर्ष येणार नाही, चार वर्षं येणार नाही, मला ठाऊक नाही. पण पैसे आजपासून बाजूला पाहिजेत. गाडी स्वस्त झाली म्हणून पार्ट स्वस्त होत नाहीत रे. ती अजून तीस लाखांचीच गाडी आहे, दुकानात गेलं की."

मुलगा गप्प. मग विचारतो, "तुम्ही असता तर घेतली असती?"

अण्णा लगेच उत्तर देत नाहीत. "गाडी सरळ आहे. पाण्यात गेलेली नाही, ठोकलेली नाही, मीटर मागे घेतलेलं नाही. या तिसऱ्या मालकाने तिला सांभाळलंय. मी घेतली असती. पण पावणेपाचला नाही. पावणेचारच्या वर एक रुपया नाही."

संध्याकाळी ६.३०. थोरला मागचं झाकण बसवतो. सीलंटची रेघ एकसारखी, तीन मिलिमीटरची, मध्ये कुठे तुटायला नको. बोल्ट आधी हाताने, मग टॉर्क पान्याने, मधून बाहेर अशा क्रमाने. प्रत्येक बोल्टवर पांढऱ्या मार्करची खूण. खूण नसलेला बोल्ट म्हणजे राहिलेला बोल्ट. सीलंट रात्रभर सुकू द्यायचं. सोमवारी आठवा बोल्ट, गिअरबॉक्स, मग ५.२ लिटर नवं तेल. मंगळवारी सेल. डॉक्टरांचं बिल पार्टसह १,०४,००० होईल, त्यात मजुरी ३८,०००. पाच दिवस लिफ्ट अडकली, दोन माणसं अडकली.

रात्री ७.४०. शनिवार, पगार. धाकट्याचे सहा रोज, ३,३००. बुधवारी उचल घेतली होती ५००. हातावर २,८०० ठेवतात, तो मोजतो, वहीवर सही करतो. अण्णा त्याला थांबवतात. "आज चेन बघितलीस ना? क्रँकच्या दात्यावर काय बघायचं?" "टोक वळलंय का." "आणि?" पोरगा आठवतो. "सगळे दाते. फिरवून." अण्णा मान हलवतात. सोमवारपासून त्याचा रोज ६०० होणार आहे, हे त्यांनी थोरल्याला सांगितलंय, त्याला अजून नाही.

रात्री ८.१५. शटर अर्धं खाली. मुलाचा फोन. मालक चारवर आला, मग ३,८५,००० वर अडला. दहा हजारांसाठी सोडू का, विचारतोय. अण्णा त्याला विचारतात, हे पैसे देऊन झाल्यावर तुझ्याकडे शिल्लक किती राहतात? तिकडून आकडा येतो. मला ऐकू येत नाही. अण्णा तो पाठकोऱ्या बिलावर लिहितात, १,३८,००० च्या शेजारी, आणि पेन्सिलने दोन्हींत वजाबाकी करतात.

"घे मग," म्हणतात. "पण टायर पहिल्या दिवशी. घाटात नेऊ नकोस तोवर. आणि बुधवारी सकाळी आण, लिफ्ट मोकळी होतेय. येताना एक वही घेऊन ये."